निसर्गाची आवड आणि पोटाचा प्रश्न : शंभर वर्षांचा हिशेब

(इंदिरानगर, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आम्हाला दिलेला विषय असा आहे : 'निसर्गप्रेमातून पर्यावरण शिक्षणाकडे – एक करिअर'. संयोजकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की समोर कॉलेजची मुलं असतील आणि त्यांच्या शेजारी त्यांचे पालक असतील. मुलांना पक्षी, झाडं, डोंगर आवडतात. पालकांना फक्त एवढंच विचारायचं असतं की यात पोट भरतं का? हा प्रश्न हलका आहे असं आम्ही मानत नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमचं आयुष्य गेलं आणि दर वर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलापाशी हाच प्रश्न आम्ही ऐकला. ज्यानं वडिलांचा पगार आणि घराचा हप्ता पाहिलेला आहे, त्यानं तो विचारलाच पाहिजे.

करिअर मार्गदर्शन करणारी मंडळी अशा वेळी अभ्यासक्रमांची यादी देतात. तीही आज थोडी देऊ. पण आधी इतिहासाला विचारू. आपल्या महाराष्ट्रात ज्यांना निसर्ग आवडला, त्यांचं पोट कशावर भरलं? असा सरळ हिशेब मांडला की एक गोष्ट दिसते. निसर्गावर जीव टाकणाऱ्या माणसांची इथे कधीच वानवा नव्हती. वानवा होती ती जागेची. 'जागा' हा शब्द आम्ही ऑफिसातल्या अर्थाने वापरतो आहोत. जागा निघते, जागा भरतात, जागा रद्द होते, ती जागा. निसर्ग समजावून सांगण्यासाठी पगार देऊन ठेवलेला माणूस, हे दृश्य आपल्याकडे फार दुर्मीळ होतं. वनपिंगळ्यापेक्षाही दुर्मीळ, असं म्हटलं तरी चालेल. वनपिंगळ्याची गोष्ट लगेच येतेच आहे.

छंदाचा काळ

सुरुवात १८८३ पासून करू. त्या वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, स्थापन झाली. आठांपैकी दोघे आपले होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. औषधी वनस्पतींचा त्यांचा अभ्यास होता. बाकी सहा युरोपियन. त्यांतले एटकेन जकात आणि मिठाच्या खात्यात नोकरीला होते. पुढच्याच वर्षी फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं आपल्या दुकानातली जागा सोसायटीच्या संग्रहासाठी दिली.

यादी नीट पाहिली तर लक्षात येईल की यांपैकी कोणाचंही पोट निसर्गावर नव्हतं. डॉक्टर, अधिकारी, व्यापारी. पगार एका खात्याचा, संध्याकाळ दुसऱ्या खात्याची. छंद म्हणून केलेलं हे काम कमी दर्जाचं होतं असं मात्र कोणी समजू नये. त्यांच्या नोंदी आजही उपयोगी पडतात.

आपल्या उत्तर महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. पश्चिम खानदेशात असताना त्यांनी पक्ष्यांची यादी केली, नमुने जमवले. त्यांत वनपिंगळा होता. हे लहानसं घुबड. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणाला मिळाला नाही. मधल्या काळात माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं गुजरातेत १९१४ साली आपल्याला हा पक्षी मिळाल्याचं सांगितलं. शोध घेणारे त्यामुळे भलतीकडे गेले. पुढे पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी दाखवून दिलं की त्याचा नमुना संग्रहालयातून चोरलेला होता आणि वरची चिठ्ठी बदललेली होती. मूळ नमुना डेव्हिडसनचाच होता. खोटी नोंद बाजूला केली, खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी.

ही गोष्ट नेहमी शोधाची म्हणून सांगतात. आम्हाला त्यात शिक्षणाचाही एक मुद्दा दिसतो. डेव्हिडसन यांनी उत्तम नोंदी ठेवल्या, पण त्या इंग्रजी नियतकालिकात आणि सातासमुद्रापलीकडच्या कपाटात राहिल्या. शहादा-तळोद्याच्या शाळेतल्या एकाही मुलाला शंभर वर्षांत कोणी सांगितलं नाही की बाबा, तुझ्या गावामागच्या जंगलातला पिंगळा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. सांगणार कोण? ते कोणाचंच काम नव्हतं. छंद ज्ञान गोळा करू शकतो, पण ते पुढच्या पिढीकडे सोपवण्यासाठी रोज सकाळी हजर राहणारा कोणीतरी लागतो.

एक जागा निघते आणि रद्द होते

अशी जागा निघाली १९२६ साली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञानाचा विभाग नुकताच झाला होता. तिथं 'गाईड लेक्चरर' हवा होता. दालनात आलेल्या मुलांना, पाहुण्यांना पक्षी-प्राणी समजावून सांगायचे, हे काम. पगार महिना ३५० रुपये. त्या जागेवर सालिम अली नावाच्या तिशीच्या तरुणाची नेमणूक झाली.

सालिम अलींचा तोवरचा प्रवास आजच्या कोणत्याही पालकाला घाबरवून सोडेल. ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात लक्ष लागलं नाही. मुंबईत परत येऊन थोडं वाणिज्य शिकले, थोडं प्राणिशास्त्र. विद्यापीठाची पदवी नाही. सरकारी झूऑलॉजिकल सर्व्हेत पक्षितज्ज्ञाची जागा होती, ती पदवी नसल्यामुळे मिळाली नाही. तेव्हा म्युझियमची ही नोकरी म्हणजे आवड आणि पगार एकाच छपराखाली येण्याचा पहिला योग होता. आणि ती नोकरी संशोधनाची नव्हती, शिकवण्याची होती, हे आपण विसरतो.

दोन वर्षांनी ते रीतसर शिकायला जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये श्ट्रेझमान या मोठ्या पक्षितज्ज्ञांच्या हाताखाली शिकून १९३० मध्ये परतले, तर जागा रद्द झालेली. कारण? पैसे नाहीत. आता तर शिकून आलेला माणूस आहे, पण जागा नाही.

पुढचं आपण सगळे जाणतो. सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथं सुगरणीच्या घरट्यांकडे बघत बसले. त्यातून त्यांनी जे मांडलं त्यानं पक्षिशास्त्रात त्यांचं नाव झालं. घरटं विणतो तो नर. अर्धवट विणून झालं की मादी येऊन पाहणी करते, पसंत पडलं तर ताबा घेते, आणि नर लगेच दुसरं घरटं विणायला घेतो. गंमत पाहा, मराठीत आपण या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो, बहिणाबाईंच्या कवितेनं ती घराघरांत पोचवली, आणि विणकाम करणारा निघाला बाप्या! भाषेनं मान एकीला दिला आणि मेहनत दुसऱ्याची. हे किहीमला कळलं, कारण एक बेकार माणूस महिनोन्‌महिने एका झाडाखाली बसला होता.

ही गोष्ट 'संकटातून संधी' म्हणून फार सांगितली जाते. मुलांनो, ती तशी ऐका, पण तिची दुसरी बाजूही ऐका. सालिम अलींच्या डोक्यावर किहीममध्ये छप्पर होतं. पत्नीची पुरती साथ होती. मागे मोठं सुशिक्षित घराणं होतं. ज्याच्यामागे हे काही नाही, त्या त्र्यंबकच्या किंवा मालेगावच्या मुलाची जागा रद्द झाली असती तर तो काय करता? त्यानं मिळेल ती नोकरी धरली असती आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. अशी किती नावं आपल्याला कळलेली नाहीत, याचा हिशेब कोणत्याही चरित्रात नसतो. आणि म्युझियममध्ये पुढच्या वर्षी आलेली मुलं? ती काचेतला पेंढा भरलेला पक्षी बघून घरी गेली. समजावून सांगणारा गेला होता.

म्हणून १९२६ हे साल आम्ही महत्त्वाचं मानतो. त्याला आता शंभर वर्षं होत आहेत. पैशांची ओढ लागली की पहिली कात्री कुठं लागते, तेही तिथंच दिसलं.

कुरणावरची शाळा

दरम्यान दुसरा एक प्रवाह वाहत होता, त्याला कोणी पर्यावरण शिक्षण म्हणत नव्हतं. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. हातानं काम करत, भोवतालातून शिकायचं. याच काळात ताराबाई मोडक बालशिक्षणाचं काम उभं करत होत्या. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजचा पालघर जिल्हा, वारल्यांची वस्ती.

तिथली अडचण साधी होती. मुलं गुरं राखायला जात, शाळेत येत नसत. मग शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. बिया, पानं, शंख-शिंपले हे शिकवण्याचं साहित्य. परिसर हेच पुस्तक असं आज शिक्षणशास्त्रात म्हणतात, ते या बाईंनी गरजेपोटी करून दाखवलं. कुरणावरच्या मुलाला गवताची, पाखरांची, पाण्याची माहिती होतीच. शाळेनं प्रथमच ती माहिती 'येतं' या सदरात मोजली.

इथं एक शब्द तपासून घेऊ. अशा कामाला आपण 'व्रत' म्हणतो. ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री मिळाली, आणि दोघींनी घेतलेल्या कष्टांपुढे हात जोडावेत असंच ते आयुष्य आहे. पण समाज 'व्रत' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आपली जबाबदारी हळूच खाली ठेवतो. व्रत घेतलेल्या माणसाला पगार विचारणं अशिष्ट ठरतं. मग त्याच कामाला दुसरा माणूस येत नाही, कारण दुसऱ्याला घर चालवायचं असतं. एक थोर माणूस गेला की काम थांबतं आणि आपण म्हणतो, आता तशी माणसं राहिली नाहीत. माणसं असतात. त्यांना बसायला खुर्ची नसते.

पगार एकीकडे, जीव दुसरीकडे

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं महाराष्ट्रात निसर्गाचं शिक्षण अशाच लोकांनी केलं ज्यांचा पगार दुसऱ्या कामाचा होता.

मारुती चितमपल्ली सोलापूरचे. ३६ वर्षं वनखात्यात नोकरी. खात्याचं काम वेगळं, पण त्यांनी जंगलात राहणाऱ्या माणसांना गुरू केलं. नवेगाव बांधचे माधवराव पाटील हे त्यांतलं ठळक नाव. आदिवासींकडून, पारध्यांकडून, वनमजुरांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची, हालचालींची नावं गोळा केली आणि मराठीत आणली. त्यांचा 'पक्षिकोश' हे त्याचंच फळ. नावांशिवाय शिकवता येत नाही हे आम्ही तत्त्वज्ञानाच्या माणसांनी वेगळं सांगायला नको. ज्या गोष्टीला आपल्या भाषेत नाव नाही, ती मुलाच्या डोळ्यांसमोरून जाते आणि दिसत नाही. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना जंगल शिकवणाऱ्या या माणसाचं खात्यातलं पद मात्र शिक्षकाचं नव्हतं.

पुण्याचे डॉ. इराक भरुचा हे शल्यविशारद. पुण्याचेच प्रकाश गोळे, ज्यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली आणि नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी परिसरशास्त्राचा अभ्यासक्रम चालवला. इंजिनिअर, आर्किटेक्ट, गृहिणी असे कितीतरी लोक त्यातून शिकून बाहेर पडले. भरुचांनी १९९३ मध्ये भारती विद्यापीठात पर्यावरण शिक्षण व संशोधनाची संस्था उभी केली. इथं हिशेब पहिल्यांदा बदलतो. छंद असलेल्या माणसांनी आता संस्था काढल्या. संस्था म्हणजे दुसऱ्यासाठी जागा.

हे एकाएकी झालं नाही. जगातही वारं बदललं होतं. १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर पहिली मोठी परिषद झाली. तिथं इंदिरा गांधींनी गरिबी आणि पर्यावरण यांचा संबंध मांडला. १९७७ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण शिक्षणाची परिषद भरली. तिनं सांगितलं की हे शिक्षण जन्मभराचं आहे आणि ते सर्व विषयांतून दिलं पाहिजे. १९८४ मध्ये अहमदाबादला पर्यावरण शिक्षण केंद्र सुरू झालं. देशात या कामाला पगारी माणसं नेमणारी ही एक प्रमुख संस्था ठरली.

तिबिलिसीचा विचार तत्त्वतः बरोबर होता. पण व्यवहारात सर्वांचं काम ते कोणाचंच काम नाही, असं झालं. भूगोलाचे सर म्हणत विज्ञानवाल्या मॅडम शिकवतील, मॅडम म्हणत ते भूगोलात येतं.

न्यायालयाचा विषय, कोणाचा तास?

मग न्यायालय आलं. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ ला सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा. बारा वर्षं फारसं काही झालं नाही. डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयानं पुन्हा कान धरला. मग विद्यापीठ अनुदान आयोगानं पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला : ५० तास, ७५ गुणांची लेखी परीक्षा, २५ गुणांचं क्षेत्रकार्य. त्याचं पाठ्यपुस्तक भरुचांनी लिहिलं. जगात फार थोड्या देशांत असं आहे की कला, वाणिज्य, विज्ञान, कोणत्याही पदवीधराला पर्यावरणाचा पेपर द्यावाच लागतो. कागदावर ही मोठी क्रांती होती.

आता वर्गात काय झालं ते सांगतो, कारण आम्ही त्या वर्गात होतो. विषय सक्तीचा आला, पण त्याच्याबरोबर जागा आली नाही. पुष्कळ ठिकाणी ज्याच्याकडे तास कमी त्याच्याकडे हा पेपर गेला. आम्ही ज्या महाविद्यालयात होतो तिथं तत्त्वज्ञानाला मुलं कमी, म्हणून वर्कलोड कमी, म्हणून पर्यावरण आमच्याकडे! वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षाची दीडशे मुलं आणि पुढे उभा वेदान्ताचा माणूस.

आम्हाला ते आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. क्षेत्रकार्याला मुलांना आम्ही नासर्डीच्या काठानं चालवलं, पांडवलेण्याच्या डोंगरावर नेलं. पेठ तालुक्यातली एक मुलगी वर्गात कधी तोंड उघडत नसे. पावसाळ्यातल्या फेरीत ती कुर्डू, टाकळा, फोडशी, शेवळं अशा रानभाज्या एकामागून एक दाखवू लागली. कोणती कशी शिजवायची, कोणती आधी उकळून पाणी टाकायचं, सगळं. वाणिज्याचे नाशिकचे विद्यार्थी वहीत उतरवून घेत होते आणि ती सांगत होती. अभ्यासक्रमातल्या जैवविविधतेच्या प्रकरणात जे होतं, त्याहून कितीतरी जास्त तिला येत होतं. विचारणारा कोणी नव्हता इतकंच.

पण एका माणसाच्या उत्साहाला व्यवस्था म्हणत नाहीत. आम्ही निवृत्त झालो, तेव्हा पेपर पुढच्या कमी तासवाल्याकडे गेला. कित्येक ठिकाणी क्षेत्रकार्य म्हणजे बाजारात मिळणारी तयार जर्नल उतरवणं, असं झालं. शाळांतही विषयाची नावं बदलत राहिली. परिसर अभ्यास, पर्यावरण शिक्षण, आता जलसुरक्षा. नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीला पुन्हा पर्यावरणाचे क्रेडिट ठेवले आहेत. नाव काहीही ठेवा, आमचा प्रश्न तोच राहतो : हा तास घेणार कोण, आणि त्याला कशासाठी नेमलेलं आहे?

आज नाशिकमध्ये

आता मुलांसाठी. चित्र काळंच आहे असं नाही. आपल्या जिल्ह्यातच पाहा.

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वर आहे. इंग्रजी अमदानीतला बंधारा, त्यात गाळ साचला, पाणथळ झाली, पक्षी आले. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, २०१९ चं. तिथं आजूबाजूच्या गावांतले तरुण दुर्बीण घेऊन पर्यटकांना पक्षी दाखवतात. शेतकऱ्याचा मुलगा पक्ष्यांची इंग्रजी, मराठी, शास्त्रीय अशी तिन्ही नावं सांगतो आणि त्या सकाळचे पैसे घेतो. सालिम अलींची १९२६ ची जागा, थोड्या वेगळ्या रूपात, खानगाव थडी आणि चापडगावच्या परिसरात पुन्हा निघाली आहे. अजून ती हंगामी आहे. हिवाळ्यात पक्षी आहेत, उन्हाळ्यात उत्पन्न नाही.

अंजनेरीवर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. २००६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं आणि नावातच आपला डोंगर आला. हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी गावकरी आणि वनखात्यानं मिळून उपाहारगृह चालवलं, म्हणजे मेलेली जनावरं ठरावीक जागी आणून टाकायची. या प्रत्येक ठिकाणी सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सांगणारे मोजकेच आहेत.

ज्यांना या वाटेनं जायचं आहे त्यांना आमचं सांगणं चार गोष्टींचं. एक, आधी पोटाची पदवी घ्या असं आम्ही म्हणणार नाही, पण एक विषय पक्का करा. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, काहीही. देहरादूनची वन्यजीव संस्था, पुण्याची भारती विद्यापीठाची संस्था, बीएनएचएसचे छोटे अभ्यासक्रम, ही दारं आहेत. दोन, एक ओढा किंवा एक टेकडी धरा आणि वर्षभर तारखेसह नोंदी ठेवा. डेव्हिडसनच्या नोंदी ११३ वर्षांनी उपयोगी पडल्या. तीन, नावं मराठीत शिका आणि ज्यांच्या तोंडी ती आहेत त्यांच्याकडून शिका. चार, शिकवणं ही वेगळी विद्या आहे हे माना. पक्षी ओळखता येणं आणि चाळीस मुलांना तो पाहायला लावणं यांत फरक आहे. बी.एड. केलेल्या निसर्गप्रेमीची आज फार गरज आहे, कारण शाळेत जागा शिक्षकाची असते आणि त्याच जागेवर बसून हे काम करता येतं.

आणि पालकांना : पोट भरेल का याचं प्रामाणिक उत्तर असं की भरेल, पण काटकसरीनं, आणि पहिली काही वर्षं घरचा आधार लागेल. हा आधार ज्याच्या घरी नाही, त्या मुलाचं काय, हा प्रश्न मात्र एकेका घराचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे. त्यासाठी शेवटचा मुद्दा.

मुद्दल हलवायचं नाही

सालिम अलींना उतारवयात, १९७० च्या दशकात, वन्यजीव संरक्षणाचं मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्या पैशांतून त्यांनी बीएनएचएसमध्ये निसर्ग संरक्षण निधी उभा केला. ज्याची जागा पैसे नाहीत म्हणून रद्द झाली होती, त्यानं पैसे आल्यावर काय केलं, ते पाहा. निधी केला. दुसऱ्याची जागा रद्द होऊ नये म्हणून.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. इथून पाथर्डी फाट्याकडे निघालं की समोर त्रिरश्मी डोंगर दिसतो. त्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. आपण लेणी बघतो, फोटो काढतो. लेख वाचत नाही, कारण तोही समजावून सांगणारा कोणी तिथं नसतो. त्यात चक्क हिशेब आहे. उषवदातानं तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ते गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवले. गोवर्धन म्हणजे आपलंच, गंगापूर रस्त्यावर आजही त्या नावाचं गाव आहे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, एक हजारावर शेकडा पाऊण. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. गणित करून पाहा : दोन हजारांचे वर्षाला २४०, वीस जणांना वाटले की बरोबर १२. शिवाय एका गावची नारळाची आठ हजार झाडं दान दिल्याचंही त्यात लिहिलं आहे.

भिक्खूंनी घर सोडलं होतं, त्यांचं तर खरोखरच व्रत होतं. तरी कपड्याचे पैसे कुठून येणार याची सोय दगडात कोरून ठेवली. व्रत त्यांचं, व्यवस्था गावाची. आम्हाला वाटतं की पर्यावरण शिक्षणाबद्दल आपण हे एवढं एक जरी शिकलो तरी पुष्कळ झालं.

इंदिरानगर, पाथर्डी फाटा, वडाळा या पट्ट्यात किती शाळा आहेत, किती सोसायट्या आहेत, ते तुम्हीच जाणता. गणपतीची वर्गणी निघते, लिफ्टच्या देखभालीची निघते. दहा शाळा आणि पंचवीस सोसायट्यांनी मिळून एक निसर्गशिक्षक ठेवायचा. आठवड्याचे वार वाटून घ्यायचे. तो मुलांना नासर्डीला नेईल, पांडवलेण्यावर नेईल, हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला नेईल. त्याला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार द्यायचा, जूनमध्येही आणि मे महिन्यातही. त्यासाठी एक ठेव करायची आणि तिचं मुद्दल हलवायचं नाही. सुरुवातीला ठेव लहान असेल, तर अर्ध्या वेळेचा माणूस ठेवा. पण जागा निर्माण करा. एकदा जागा झाली की माणूस या सभागृहातच बसलेला आहे. मागच्या रांगांमध्ये आम्हाला तो, आणि ती, दिसत आहेत.

ज्या संयोजकांनी आम्हाला करिअरवर बोलायला बोलावलं त्यांनी आमच्याकडून वर्गणीचा विषय निघेल अशी अपेक्षा केली नसेल. पण या विषयाच्या शंभर वर्षांच्या हिशेबात शिल्लक आणि तूट दोन्ही याच जागी दिसतात, म्हणून बोललो. प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत, आणि मुलांनी आधी विचारावेत.